नावांचं काम कोणाकडे

नागपूरजवळच्या मिहानमधल्या त्या काचेच्या इमारतीत कामिनी देवतळे नेमकं काय काम करते, हे तिच्या सासरच्या माणसांना कधी धड सांगता आलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढ्यावर ते भागवत. तिच्या हुद्द्याचं नाव बिझनेस अ‍ॅनालिस्ट. कुणी फारच खोदून विचारलं, की ती हसून म्हणे, "काही नाही जी, मी लोकांले विचारते, तुमचं काय अडून राहिलं? ते सांगतात, मी ऐकते. त्याचाच पगार आहे." ऐकणाऱ्याला वाटे, बाई थट्टा करते आहे. पण ती खरंच तेवढंच करत होती, आणि तेवढंच करणं भल्याभल्यांना जमत नाही. बहुतेक माणसं प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देऊन टाकतात. कामिनी गप्प बसू शकत असे. समोरचा बोलायचा थांबला तरी ती थांबून राही, आणि मग तो माणूस मनातलं खरं काय ते बोलून जाई.

ती कन्हानच्या अलीकडच्या एका खेड्यातली. घरची शेती, आणि तिचे वडील मधुकरराव ती अजूनही माणसं लावून करून घेतात. मधुकररावांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा घरात कुणी "बाबा, तुम्हाले ऐकू येत नाही" असं म्हटलं नाही. सगळे आपापले मोठ्यानं बोलायला लागले, एवढंच. आलागेला पाहुणाही हा प्रकार बघून आवाज चढवी, आणि मधुकरराव काही झालंच नाही अशा थाटात पाहुण्याला पिकापाण्याचं सांगत. वडीलधाऱ्याचं उणं त्याच्या तोंडावर काढायचं नाही, आपण मुकाट्यानं भरून काढायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही रीत कामिनीच्या हाडीमांसी खिळलेली होती. परक्यांना दिवसभर प्रश्न विचारणारी ही बाई आपल्या माणसाला दुखरा प्रश्न विचारायचा म्हटलं की मुकी होत असे. माहेरची ती रीत चांगली की वाईट, यावर मी आत्ताच बोलत नाही.

कचेरीत तिचं आपलं माणूस म्हणजे मुकुंद घाटे. तिच्याहून बरेच मोठे, म्हणून ती त्यांना भाऊ म्हणे. घाटे घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं, पिढ्यानपिढ्या दप्तरं लावणारं. मुकुंदभाऊ स्क्रीनवरच्या गोष्टी लावत. त्यांचा हुद्दा इन्फर्मेशन आर्किटेक्ट. म्हणजे काय, तर कामिनीनं लोकांकडून आणलेल्या गरजांचा ढीग समोर घ्यायचा, काय कशाच्या शेजारी बसेल ते ठरवायचं, आणि प्रत्येक कप्प्याला असं नाव द्यायचं की नवख्या माणसाचा हात पहिल्या खेपेलाच तिथं पडावा. "पाहुण्याला न विचारता मीठ सापडलं, की समजावं स्वयंपाकघर नीट लावलंय," असं ते म्हणत. नावांवर तर त्यांचा फार जीव. एका शब्दासाठी अख्खी दुपार घालवत आणि तो सापडला की मांडीवर थाप मारून सगळ्यांना चहा पाजत.

कागदोपत्री दोघांची कामं वेगळी होती. प्रत्यक्षात कामिनी त्यांच्या आकृत्यांत नाक खुपसे आणि ते तिच्या बैठकांना जाऊन कोपऱ्यात बसत. बाकीच्या मंडळींची त्यांच्या भांडणांनी चांगली करमणूक होई.

"काय वं कामिनी, हा काय पसारा घेऊन आली तू?"

"लोक बोलले तसं आणलं, भाऊ. लावाचं काम तुमचं."

"मग माझ्या मांडणीत बोटं काहून घालून राहिली?"

"तुम्ही माझ्या बैठकीत येऊन काहून बसता?"

यावर ते चष्मा काढून पुसत, म्हणजे हरले. आणि त्या भांडणातून जे सॉफ्टवेअर निघे ते वापरणाऱ्याला कधी शिकवावं लागत नसे. कुणाचं कुठं संपलं आणि कुणाचं कुठं सुरू झालं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सांगायची गरजही पडली नव्हती.

रामदासपेठेतल्या एका मोठ्या इस्पितळाचं काम त्यांच्याकडं आलं, तेव्हाची गोष्ट. कामिनी नर्सांबरोबर वॉर्डात बसून आली होती. ज्या रोग्यांना डिस्चार्ज मिळणार, त्यांच्यासाठी वेगळा कप्पा हवा होता. मुकुंदभाऊ त्या कोऱ्या चौकोनापुढं बराच वेळ बसले आणि मग त्यांनी लिहिलं, "घरी जाणारे". सगळी कचेरी खूश झाली. इस्पितळाचे लोकही म्हणाले, काय सोपं नाव दिलंय, रोग्यालाही वाचून बरं वाटेल. कामिनीला तर इतका अभिमान वाटला की घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं.

मग एका दुपारी कँटीनमध्ये त्यांनी तिच्यापुढं हात केला. "ते दे ना," म्हणाले. "ते... ढवळायचं." तिनं चमचा दिला. त्यांनी चहा ढवळला आणि इस्पितळाबद्दल बोलायला लागले. कामिनीनं मात्र हातातला घास डब्यात परत ठेवला. दिवसभर माणसांचं थांबणं ऐकणारी ती. विचार करायला थांबलेला माणूस वेगळा आणि शब्द शोधत थांबलेला वेगळा, हे तिला कळत होतं. "घरी जाणारे" हे त्यांनी निवडलेलं नाव नव्हतं. डिस्चार्ज हा शब्दच त्यांना सापडला नव्हता.

ज्याचा सगळा जीव नावांत, त्याचीच नावं हरवायला लागली. देवाचा न्याय म्हणावा तर असा.

पुढं पुढं मुकुंदभाऊंच्या आकृत्यांत कोरे चौकोन राहायला लागले. मांडणी नेहमीसारखी पक्की असे, काय कुठं बसवावं यात त्यांचा हात जराही चुकत नव्हता, पण नावाच्या जागी काही नसे. ते गेले की कामिनी आपली पर्स पुन्हा खाली ठेवी आणि ते चौकोन भरून मगच घरी जाई. त्यांच्यासारखी नावं शोधायला तिला कष्ट पडत, पण इतकी वर्षं शेजारी बसून थोडंफार वळण लागलं होतं. सकाळी आल्यावर ते स्क्रीनकडं जरा वेळ बघत आणि पुढच्या कामाला लागत. तिच्याकडं कधी वळून बघितलं नाही, कधी काही बोलले नाहीत. आपणच काल भरले असं त्यांना वाटत असेल, असं तिनं धरून चाललं. एक दिवसही तिनं विचारलं नाही, की भाऊ, काय होतंय तुम्हाला?

तिचा नवरा जितेंद्र कॉलेजात शिकवतो, सरळ डोक्याचा माणूस आहे. तो म्हणाला, "कामिनी, तू त्यांले विचारून काहून नाही पाहत?"

"असं कोणाले विचारतात का जी? काय म्हणू, तुमचे शब्द चालले म्हणून?"

"त्यांले माहीत नसंल का?"

"नसंल तर मी सांगू? अन् असंल तर उगाच जखमेवर बोट." तिनं विषय मिटवला. जितेंद्रनंही पुन्हा काढला नाही.

असंच चाललं असतं. पण पुण्याहून नूपुर मॅडम आल्या. तरुण, हुशार, सगळ्या टीमच्या प्रमुख. या बाईंना मी वाईट म्हणणार नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्याच इस्पितळात एका रोग्याला दुसऱ्या वॉर्डात हलवलं, तर त्याचं जेवण मात्र जुन्याच पलंगापाशी जाऊन पडे. बिचारा उपाशी. चौकशीत निघालं, की कामिनीला वाटलं होतं, हे मांडणीतलं, भाऊ बघतील. भाऊंना वाटलं होतं, ही गरज आहे, कामिनी विचारून येईल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो इथं खरोखरचाच निघाला. नूपुर मॅडम म्हणाल्या, "तुम्हा दोघांबद्दल मला आदर आहे. पण एकमेकांच्या मनातलं ओळखून काम करणं ही काही पद्धत नाही. जबाबदाऱ्यांची नीट वाटणी झाली पाहिजे, आणि ती तुम्हीच करायची."

वाटणीसाठी सोमवार ठरला. सोमवारनंतर ज्याचं काम त्यानं एकट्यानं करायचं आणि इस्पितळाच्या लोकांपुढं स्वतः उभं राहून सांगायचं, असंही ठरलं. कामिनीचा तो रविवार कसा गेला ते जितेंद्रला विचारा. भाजी करपली, दूध उतू गेलं. तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र. मुकुंदभाऊ फळ्यापुढं उभे आहेत, समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत, आणि ते एका कप्प्याकडं बोट दाखवून म्हणताहेत, "हे... हे म्हणजे... ते." नावांचं काम त्यांच्या वाट्याला गेलं तर हे होणारच. तेव्हा ते त्यांच्या वाट्याला जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. फोन हाताशी होता. मुकुंदभाऊंचं घर रामदासपेठेत, गाडीनं जाऊन यायला कितीसा वेळ लागला असता? पण ती गेली नाही, आणि फोनही केला नाही.

सोमवारी बैठकीच्या खोलीत काचेच्या भिंतीवर दोन रकाने आखले होते. एकावर बिझनेस अ‍ॅनालिस्ट, दुसऱ्यावर इन्फर्मेशन आर्किटेक्ट. एकेक काम पिवळ्या चिकट चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवलं होतं, ते उचलून ज्याच्या त्याच्या रकान्यात लावायचं. सगळी टीम खुर्च्या ओढून बसली. लोकांशी बोलणं, गरजा समजून घेणं, त्या तपासून घेणं, हे बिनबोभाट कामिनीकडं आलं. मांडणी, कप्पे, कुठून कुठं जायचं त्याची वाट, हे मुकुंदभाऊंकडं. मुकुंदभाऊ आज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि जरा अस्वस्थ दिसत होते. सारखे ओठ हलवत होते.

मग नूपुर मॅडमनी चिठ्ठी उचलली. "नावं देणं. हे अर्थात मुकुंद सरांकडं."

"नाही," कामिनी म्हणाली. तिनं त्यांच्या हातातली चिठ्ठी जवळजवळ ओढूनच घेतली आणि आपल्या रकान्यात लावली. "हे माझ्याकडं."

खोलीत सगळे बघायला लागले. नूपुर मॅडमना आश्चर्य वाटलं. "का पण? हे तर त्यांचं वैशिष्ट्य आहे."

आता कारण द्यायला हवं होतं, आणि खरं कारण द्यायचं नव्हतं. माणूस अशा वेळी हाताला येईल ते उचलतो. "लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते मी ऐकते," कामिनी म्हणाली. "मुकुंदभाऊ केबिनमध्ये बसून नावं ठरवतात. त्यांची नावं... पुस्तकी होतात. लोकांना कळत नाहीत."

हे धादांत खोटं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते खोटं आहे हे माहीत होतं. बोलताना तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

मुकुंदभाऊ उठून उभे राहिले. त्यांनी टेबलाला धरलं. "ते," म्हणाले. "ते माझं... मी..." त्यांचा हात कामिनीच्या दिशेनं झाला आणि हवेतच राहिला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सगळे वाट बघत होते. ज्या एका गोष्टीपासून तिला त्यांना वाचवायचं होतं, तीच तिनं सगळ्यांदेखत त्यांच्याकडून करवून घेतली. करायला गेली काय आणि झालं काय! शेवटी ते खाली बसले. नूपुर मॅडमना वाटलं, सर दुखावलेत पण त्यांची हरकत नाही. चिठ्ठी कामिनीच्या रकान्यातच राहिली.

त्यानंतर मुकुंदभाऊ तिच्याशी बोलले नाहीत. मांडणी पाठवत, मेलवर, नमस्काराशिवाय. आता सगळेच चौकोन कोरे असत, आणि ते भरणं हे कामिनीचं रीतसर काम होतं. तिच्या बैठकांना कुणी येऊन कोपऱ्यात बसत नव्हतं. कचेरीतले लोक पाठीमागं म्हणायला लागले, की बाईनं म्हाताऱ्याचा घास काढला, आता बढती घेईल. हे तिच्या कानावर येई, आणि ती गप्प राही. खरं सांगावं तर भाऊंचा आजार उघडा पडतो. जीव तळमळे. पण मनात कुठंतरी तिला वाटे, मला वाईट म्हणू देत, भाऊंची मूठ तर झाकलेली राहिली. पावसाळा संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवले. कामिनीपाशी येऊन थांबले, तिच्याकडं बघितलं, आणि पुढं गेले.

मेंदूच्या आजारानं मुकुंदभाऊंची भाषाच चालली आहे, हे कचेरीत पुढं कुणाकडून तरी कळलं. लोक चुकचुकले. आपण कामिनीला काय काय म्हणालो होतो, ते त्यांना आठवलं असेल तर तसं कुणी दाखवलं नाही. तरीही भाऊंच्या रामदासपेठेतल्या घरापर्यंत जायचं धाडस तिला लवकर झालं नाही. गेली ती थंडीत, एका रविवारी सकाळी.

दार प्रेमलतावहिनींनी उघडलं. मुकुंदभाऊंची बायको, शाळेतून निवृत्त झालेली, कमी बोलणारी. "या," म्हणाल्या, आणि तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. भाऊ गॅलरीत उन्हात बसले होते, त्यांची पाठ दिसत होती.

"वहिनी," कामिनी म्हणाली, "मी त्यांचं काम हिसकलं नाही. मले माहीत होतं त्यांचं. कधीपासून माहीत होतं. मी चौकोन भरत होते त्यांचे. लोकांपुढं त्यांची फजिती होऊ नये म्हणून मी..."

"मला माहीत आहे," प्रेमलतावहिनी म्हणाल्या. "त्यांनाही माहीत होतं."

"म्हणजे?" कामिनी म्हणाली.

"डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. चौकोन ते मुद्दाम ठेवून यायचे. घरी आले की म्हणायचे, आज इतके ठेवले, कामिनी भरेल. फार खूश असायचे तुमच्यावर." वहिनींनी गॅस बारीक केला. "त्या सोमवारी ते सगळ्यांपुढं सांगणार होते, की नावांचं काम कामिनीला द्या, माझे शब्द चाललेत. एवढंच एक वाक्य. आठवडाभर पाठ करून राहिले होते. मी पोहे करायची अन् ते इथं उभे राहून म्हणायचे. तुमच्या नावापाशीच अडायचे, मी सांगायची, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी सकाळी न चुकता म्हणाले. शर्ट इस्त्री करून मागितला."

कामिनीला तो हवेत राहिलेला हात दिसत होता.

"काम तुम्ही घेतलंत त्याचं त्यांना काही नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "त्यांना ते आपल्या हातानं द्यायचं होतं. ते पुस्तकी म्हणालात ना तुम्ही, ते लागलं. घरी येऊन तेवढा शब्द बरोबर म्हणत होते, पुस्तकी, पुस्तकी." जरा थांबून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "तुम्ही तर विचारायचंच काम करता. एकदा विचारलं असतं ना."

मगाशी मी म्हटलं, माहेरच्या त्या रीतीवर आत्ताच बोलत नाही. आता बोलतो. मूठ झाकायची असेल तर ती कुणाची आहे त्याला आधी विचारावं. आपण त्याच्या हातावर हात दाबून धरतो आणि त्याला माया म्हणतो. कामिनीची माया खोटी नव्हती. पण ज्या माणसाला आपली मूठ स्वतःहून उघडायची होती, त्याला तिनं ती संधी दिली नाही, आणि याचं दुःख तिनं जन्मभर वागवलं तरी ते कमीच आहे.

ती गॅलरीत गेली. मुकुंदभाऊ वाळले होते. दाढी नीट केलेली, स्वेटर नीट घातलेला. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. ओळख पटली की कुणीतरी आलं म्हणून आनंद झाला, ते सांगणं कठीण. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"भाऊ, मी कामिनी."

"हो," ते म्हणाले.

"माझं चुकलं, भाऊ. मी तुम्हाले विचाराले पाह्यजे होतं."

"हो हो."

तिचे डोळे वाहत होते, पण आवाज तिनं सांभाळला. "तुम्हाले राग आला होता माझा?"

"हो."

"अजून आहे का?"

"हो," तसंच हसून.

तिला थांबायला हवं होतं. थांबवेना. "मग... गेला का राग?"

"हो," मुकुंदभाऊ म्हणाले. "हो हो."

कामिनीनं आयुष्यात हजारो माणसांची उत्तरं ऐकली होती. सगळ्यालाच हो म्हणणाऱ्यानं काहीच सांगितलेलं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं काही विचारलं नाही. ते मात्र मान जरा पुढं करून, आनंदानं तिच्या तोंडाकडं बघत बसले होते, ती अजून काही विचारील म्हणून.